खालच्या बारीक अक्षरांवर दाबा

नाम्हे, २ ऑगस्ट

मिरान,

पत्र लिहायला कारण, तू फोन उचलत नाहीस. आठ वेळा केला. मेसेज टाकला, तर त्याच्यापुढचा तो एकचा आकडा पाच दिवस झाले तरी जात नाही, म्हणजे तू उघडूनसुद्धा बघितला नाहीस. पाकीट मात्र आत काय आहे बघायला फाडावंच लागतं, म्हणून पाकीट.

मुद्द्यावर येते. आमच्या बायकांच्या सोसायटीची वेबसाइट उघडली की गेल्या सोमवारपासून सुक्या मांदेलीच्या फोटोऐवजी एक लाल पान येतं. त्यावर लिहिलंय, ही जागा सुरक्षित नाही, इथे तुमची माहिती चोरीला जाऊ शकते. चोर! अकरा बायका आम्ही, सगळ्यांत धाकटी बावन्न वर्षांची. उकळत्या टोपांवर वाकून पाठीचा विळा झालाय एकेकीच्या, आणि आम्ही चोर.

टपाल कचेरीतल्या सोंगला दाखवलं. त्याला यातलं थोडं कळतं. तो म्हणाला, वेबसाइटला एक सर्टिफिकेट असतं, ती खरी आहे असं सांगणारं. ब्राउझर ते बघतो आणि मगच माणसाला आत सोडतो. तुमचं सर्टिफिकेट ब्राउझर मानत नाहीये.

ते सर्टिफिकेट दिलं कुणी? तुझ्या कंपनीने. मुदत संपली म्हणून जुलैत नवं कुणी करून दिलं? तुझ्याच कंपनीने. दोन वर्षांपूर्वी तुझ्या भावाने तुझ्याकडे ते मागितलं तेव्हाच मी म्हटलं होतं, बाहेरून आणा, घरचं नको. घरच्या माणसाचं काम बिघडलं की ओरडताही येत नाही. पण मी ओरडणार आहे.

छुसक सणाला साडेसात आठवडे राहिलेत. वर्षभराच्या मांदेलीतली अर्ध्याहून जास्त या सणाच्या भेटीच्या पेट्यांमध्ये जाते, हे तुला सांगायला नको, तू याच घरात वाढलीस. गिऱ्हाइकं एकदा दुसरीकडे वळली की परत येत नाहीत.

आता सरळ विचारते. हे तू मुद्दाम केलंस का? तीन वर्षांपूर्वी मामंजींच्या श्राद्धाला तू दुकानातून विकतची धिरडी आणलीस आणि मी ती पाहुण्यांदेखत कुत्र्याला घातली, त्याचा हा सूड का? असेल तर तसं सांग. घातली हे खरं आहे. कुत्र्यानेही अर्धी टाकली.

बोंगिम


सोल, ७ ऑगस्ट

वहिनी,

पत्र मिळालं. धिरड्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. तेव्हा माझ्याकडे दोन दिवसांची रजा होती आणि त्यातला दीड दिवस प्रवासात गेला होता, हे तुम्ही तेव्हाही ऐकून घेतलं नाहीत.

कुणीही सूड घेतलेला नाही. समजावून सांगते, कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

ब्राउझर स्वतः कुणालाच ओळखत नाही. नाम्हेच्या बायका खऱ्या की खोट्या, हे त्याला कसं कळणार? म्हणून त्याच्याजवळ एक यादी असते. या या कंपन्या विश्वासाच्या, त्यांनी 'आम्ही तपासलं, ही वेबसाइट खरी आहे' असं म्हटलं तर मानायचं. आमची कंपनी असं तपासून लिहून देते. सध्या त्या यादीत काही फेरबदल चालू आहेत, म्हणून जुलैपासून दिलेल्या सर्टिफिकेटांना अडचण येते आहे. तांत्रिक बाब आहे. थोडे दिवस थांबा.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. तोवर कुणालाही त्या लाल पानाच्या पलीकडे जायला सांगू नका. खाली बारीक अक्षरांत वाट असते, पण ती वाट लोकांना दाखवू नका. फोनवर ऑर्डर घ्या.

दादाची कंबर कशी आहे?

मिरान


नाम्हे, ११ ऑगस्ट

मिरान,

'थोडे दिवस थांबा' म्हणजे किती ते लिहायला शाई संपली होती का?

तुझा सल्ला उशिरा आला. मी वाट दाखवून मोकळी झाले. सोंगच्या कचेरीतल्या यंत्रावर चिठ्ठी छापली आणि गेल्या वर्षीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवली, तीनशे चाळीस. आता जाणाऱ्या प्रत्येक पेटीतही एक घालते. मजकूर असा:

'लाल पान आलं तर घाबरू नका. खालच्या बारीक अक्षरांवर दाबा. मग आणखी बारीक अक्षरं येतील, "तरीही पुढे जा" अशी. त्यावर दाबा. आत आम्हीच आहोत. – छू बोंगिम, अध्यक्ष.'

ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या. पहिल्या दिवशी चार, काल अकरा. फोनवर घ्या म्हणतेस, तर फोन कोण घेणार? सकाळी खाडीतल्या बांबूच्या कुंपणात अडकलेली मांदेली आणायची, लगेच उकळायची, वाळत घालायची, वरून घारी हाकलायच्या. हात खारट, फोन घेतला की बिघडतो. दोन बिघडले.

आणि आम्हाला दाबायला शिकवलं कुणी? या देशात बँकेचं पान उघडायचं तर इतकी वर्षं सात वेळा 'हो' दाबावं लागायचं. हे बसवा, हो. ते बसवा, हो. सुरक्षेसाठी आणखी एक बसवा, हो. कुणी एक अक्षर वाचून दाबलंय? वाचत बसलेल्याचं पान बंद पडायचं. तुमच्यासारख्या शिकलेल्यांनीच सवय लावलीत, आता तुम्हीच म्हणता दाबू नका.

तुझ्या भावाची कंबर आहे तशीच आहे. विचारायचंच असेल तर त्याला फोन कर. तो तुझ्या धिरड्यांवर अजून रागावलेला नाही, त्याला राग धरता येत नाही, ते काम मीच करते.

बोंगिम


सोल, १९ ऑगस्ट

वहिनी,

सोबत एक कागद पाठवते आहे. नेहमीची औपचारिकता आहे. शेवटच्या ओळीखाली सोसायटीचा शिक्का मारा, शेजारी सहीऐवजी तुमच्या स्वतःच्या नावाचा मारा आणि पोचपावतीच्या टपालाने मला परत पाठवा. कंपनीला नको, मला. तो मिळाल्यापासून चार दिवसांत तुमची वेबसाइट ठीक होईल. सणाआधी महिनाभर तरी मिळेल तुम्हाला.

ऑफिसच्या नंबरवर फोन करू नका. आमचे फोन आणि ईमेल तपासणीसाठी घेतले आहेत. त्यात विशेष काही नाही.

त्या चिठ्ठ्या थांबवा. हे मी दुसऱ्यांदा लिहिते आहे.

मिरान


नाम्हे, २३ ऑगस्ट

वन्सं,

तुमचे फोन तपासणीला नेले आणि त्यात विशेष काही नाही. आमच्याकडे पोलीस कुणाच्या घरातली कपाटं उघडायला लागले तरी आम्ही असंच म्हणतो.

कागद वाचला. मला वाचायला वेळ लागतो, पण मी सोडून देत नाही. तीन वेळा वाचला. तुझ्या भावाला वाचायला दिला, मला काही वेगळंच दिसतंय का म्हणून. त्याने वाचला आणि चष्मा पुसत बाहेर जाऊन बसला.

कागदात असं आहे: दोन वर्षांपूर्वी १४ मार्चला सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कंपनीच्या मा मिरान यांनी सोसायटीच्या नोंदणीतल्या नंबरवर फोन केला. अध्यक्ष छू बोंगिम यांनी तो घेतला. सोसायटी खरी आहे आणि वेबसाइट तिचीच आहे, असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

कोण बोललं? मी? तुझ्याशी? त्या वर्षी आपण बाजारात समोरासमोर आलो असतो तरी तू माशांकडे बघितलं असतंस आणि मी आभाळाकडे. दहा वाजून वीस मिनिटं! वेळसुद्धा घातलीस! काय बोलले गं मी? तब्येत विचारली का तुझी?

असा फोन कधी आलाच नाही. मग माझ्या तोंडी हे कुणी घातलं, आणि आता त्यावर माझा शिक्का का हवाय? सरळ लिही. गोल गोल लिहिलंस तर कागद चुलीत जाईल.

बोंगिम


सोल, २८ ऑगस्ट

वहिनी,

सरळ लिहिते.

आमच्या कामात एक नियम आहे. एखाद्या संस्थेच्या नावाने सर्टिफिकेट द्यायचं तर तिने स्वतः दिलेला नंबर घ्यायचा नाही. सरकारी नोंदणीतला नंबर शोधायचा, त्यावर फोन करायचा आणि तिथल्या जबाबदार माणसाशी बोलायचं. त्या एका फोनवर सगळं उभं असतं. त्याच्या भरवशावर आम्ही लिहून देतो, आमच्या भरवशावर ब्राउझर मानतो, आणि ब्राउझरच्या भरवशावर कुठली तरी अनोळखी बाई आपल्या कार्डाचा नंबर टाकते.

दादाने मागितलं म्हणून मी तुमचं काम हातात घेतलं. नोंदणीतला नंबर काढला. तो तुमचा होता. रिसीव्हर उचलला, सहा आकडे दाबले आणि नंबर पुरा न करताच ठेवला. मला तुमचा आवाज ऐकायचा नव्हता. कुत्र्याला घातलेल्या ताटासमोर सगळे पाहुणे मान खाली घालून बसले होते, आणि तुम्ही म्हणाला होतात, 'हिच्या हातचं काही खरं नसतं.' हे वाक्य मला रोज ऐकू येत होतं. तुमच्याशी अदबीने 'आपण अध्यक्ष छू बोंगिम बोलता का' असं विचारायचं माझ्याने झालं नाही. आणि मनात म्हटलं, तपासायचं काय आहे? माझ्या भावाचं गाव, माझ्या बापाची खाडी. माझ्याइतकं कोण ओळखतं यांना? फोन झाला असं लिहिलं. वेळ मनाने घातली.

एकदा केलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. माझ्या हाताखालच्यांनी माझी नोंद बघितली आणि तेही शिकले. ओळखीचं दुकान, मित्राची कंपनी, सासऱ्यांची शाळा. बाहेरच्या तपासणीत अशा एकोणीस नोंदी निघाल्या. त्यातलं एक सर्टिफिकेट भलत्याच माणसाच्या हाती गेलेलं होतं. म्हणून ब्राउझरवाल्यांनी आमच्या कंपनीला यादीतून काढलं. मी 'फेरबदल' लिहिलं होतं. फेरबदल नाही, हाकललं.

आता चौकशी एकेक नोंद बघते आहे. सगळ्यांत जुनी माझी आहे. ती खरी ठरली तर सवय माझ्यापासून सुरू झाली असं कुणाला म्हणता येणार नाही. फोनच्या नोंदी कंपनी एकच वर्ष ठेवते. पुरावा म्हणून फक्त तुमचा शब्द उरला आहे.

बावीस वर्षं नोकरी केली. लग्न केलं नाही म्हणून तुम्ही सगळ्यांनी नावं ठेवलीत, तेव्हा माझ्याकडे दाखवायला एवढंच होतं. तुमच्याकडे मी कधी काही मागितलं नाही. एक शिक्का मागते आहे. आणि तो मिळेपर्यंत तुमची वेबसाइट लाल राहील, हेही तुम्ही लक्षात घ्या.

मिरान


नाम्हे, ४ सप्टेंबर

मिरान,



तुझं पत्र मी सोसायटीच्या सभेत वाचलं नाही. तेवढी लाज तुझी राखली. फक्त म्हटलं, एक कागद आहे, त्यात न घडलेली गोष्ट घडली असं लिहिलंय, शिक्का मारला की वेबसाइट सुरू होईल. आमच्यातली दोकजा म्हणाली, 'अगं बाई, एक शिक्का तर आहे. सरकारी कचेरीचे दर वर्षी गठ्ठाभर कागद येतात, ते तू वाचून मारतेस का?' बाकीच्या हसल्या. म्हणाल्या, 'छुसक होऊन जाऊ दे, मग खरं बोल हवं तेवढं.' मी मारला. दोन्ही शिक्के मारले. तू माणूस म्हणून मला आवडत नाहीस, पण बावीस वर्षं म्हणजे बावीस वर्षं, असंही वाटलं.

सोमवारी पाकीट घेऊन सोंगच्या खिडकीशी उभी होते. त्याने तिकीट लावलं, ठप्पा मारला. तेवढ्यात फोन वाजला. जिंजू शहरातल्या कू बाई. तुला माहीत नाहीत त्या. बहात्तर वर्षांच्या, पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, एकट्या राहतात. दर वर्षी तिघी बहिणींसाठी आमच्या पेट्या घेतात आणि आल्या की मांदेली किती सारखी निवडली होती ते फोन करून सांगतात.

आवाज बारीक झाला होता. म्हणाल्या, 'अध्यक्षबाई, मी सगळं तुमच्या चिठ्ठीप्रमाणेच केलं ना हो? आधी बारीक अक्षरं, मग आणखी बारीक. माझं कुठे चुकलं का?'

मी म्हटलं, 'काय झालं?'

सार्वजनिक न्हाणीघरात गेल्या होत्या. अंघोळ झाल्यावर तिथल्या विसाव्याच्या खोलीत गरम जमिनीवर आडव्या पडून तिथल्याच वायफायवर आमची वेबसाइट उघडली. लाल पान आलं. पिशवीतून चिठ्ठी काढली, चष्मा लावला, दाबलं. आत आमच्याच मांदेलीचे फोटो होते, सगळं आमच्यासारखंच. कार्डाचा नंबर टाकला. पण आत आम्ही नव्हतो. कुणीतरी त्या वायफायमध्ये मध्येच बसलं होतं आणि आमच्या नावाचं खोटं पान दाखवत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्डावर सोन्याच्या अंगठ्या घेतल्या गेल्या.

पोलिसाने त्यांना काय सांगितलं ऐक. त्याच न्हाणीघरात त्या दिवशी आणखी चौघींच्या फोनवर लाल पान आलं होतं. कुणी बँक उघडत होती, कुणी कपडे बघत होती. चौघी घाबरून मागे फिरल्या. एकट्या कू बाई पुढे गेल्या. त्यांच्याकडे माझी चिठ्ठी होती.

पैसे बँक परत देईल म्हणे. पण सून आली आणि कार्ड घेऊन गेली. मुलाने फोन बदलून बटणांचा दिला. म्हणाला, आई, आता तुला झेपत नाही. पस्तीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलेल्या बाईला! आणि ती मला विचारते, माझं काही चुकलं का. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोन ठेवला आणि सोंगला म्हटलं, 'पाकीट दे.'

तो म्हणाला, 'ठप्पा मारलेलं पाकीट परत देता येत नाही.'

'पोत्यात टाकलंस का?'

'नाही.'

'मग दे.'

'ताई, नियम आहे.'

'मिरानलाही नियम होता,' मी म्हटलं आणि खिडकीतून हात घालून घेतलं. त्याच्यासमोरच फाडलं. बिचारा तिकिटाकडे बघत राहिला.

मग त्याला झालं ते सांगितलं. वेबसाइट नीट व्हायला तुझ्या कागदाची वाट बघतोय, हेही सांगितलं. तो म्हणाला, 'कुठला कागद?' आणि ज्यांच्याकडे आमची वेबसाइट ठेवलेली आहे त्यांना फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, दुसऱ्या कुणाचं सर्टिफिकेट घ्या, फुकट मिळतं, मी आत्ता बसवते. अर्धा तास लागला, मिरान. मी तिथे बाकावर बसून होते. सोंगने चहा दिला, तो गार व्हायच्या आत लाल पान गेलं.

अर्धा तास. फुकट. आणि तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू महिनाभर आमच्या दारावर ती पाटी राहू दिलीस, का, तर मी शिक्क्यासाठी नरम पडावं म्हणून. त्या महिन्यात मी चिठ्ठ्या वाटल्या. माझं पाप मी धुऊन टाकत नाही. पण पाटी तू राहू दिलीस.

बोंगिम


सोल, ९ सप्टेंबर

वहिनी,

अर्ध्या तासाचं मला माहीत होतं. नाकारत नाही. तुम्ही दुसरीकडे गेलात की आमच्या गिऱ्हाइकांतून तुमचं नाव निघालं असतं, आणि सोडून गेलेल्या गिऱ्हाइकाचा कागद चौकशीने मानला नसता.

पण मला नीती शिकवू नका. मी एक खोटा फोन लिहिला. तुम्ही तीनशे चाळीस लोकांना घरपोच चिठ्ठी पाठवलीत की धोक्याची पाटी वाचू नका, माझ्या नावावर पुढे चला. मी दोनदा लिहून नको म्हटलं. तुमच्या आणि माझ्या करण्यात काय फरक आहे? मी म्हटलं, माझी माणसं आहेत, तपासायचं काय. तुम्ही म्हटलंत, आत आम्हीच आहोत. त्या म्हाताऱ्या बाईंना मी ओळखतही नाही. त्यांच्या पिशवीत माझी नाही, तुमची चिठ्ठी होती.

वीस तारखेपर्यंत चौकशीचे लोक माझ्या नोंदीबद्दल ठरवणार आहेत. दुसरा कागद पाठवत नाही. तुम्ही काही पाठवलं नाहीत तर निदान संशयाचा फायदा मिळेल. म्हणून एवढंच सांगते, गप्प राहा. आयुष्यात एकदा, वहिनी, गप्प राहा.

मिरान


नाम्हे, २१ सप्टेंबर

मिरान,

तुझं म्हणणं बरोबर आहे. फरक नाही. चार दिवस शोधला, सापडला नाही.

म्हणून आधी माझं निस्तरलं. तीनशे चाळीस जणांना फोन केले. अकरा जणींनी वाटून घेतले, पण चिठ्ठीवर नाव माझं होतं म्हणून दोनशेच्या वर मीच केले. मांदेली त्या दिवसांत कमी उकळली गेली. दोकजा कुरकुरली, तिला म्हटलं, कुरकुर कर आणि नंबर लाव. प्रत्येकाला एकच सांगितलं: 'चिठ्ठी फाडा. लाल पान आलं की मागे फिरा. मी स्वतः सांगितलं तरी मागे फिरा.' काहींनी चिठ्ठी कधीच टाकून दिली होती. काहींनी फ्रिजवर लावली होती. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, 'पण हे सांगणाऱ्या तुम्ही खऱ्याच अध्यक्षबाई कशावरून?' मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, फोन ठेवा, नोंदणीतला नंबर शोधा आणि त्यावर मला करा. त्यांनी केला.

बऱ्याच जणांनी या वर्षी पेटी नको म्हटलं. बरोबरच आहे त्यांचं.

कू बाईंकडे जिंजूला स्वतः गेले. सुनेसमोर बसून सांगितलं, यांची काही चूक नाही, यांनी लिहिलेलं वाचलं आणि तसंच केलं, चुकीचं लिहिणारी मी. सून म्हणाली, 'बघू.' कार्ड काही परत दिलं नाही. फोनही तो बटणांचाच आहे. कू बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या, पण पुढच्या वर्षीच्या पेट्यांचं काही बोलल्या नाहीत.

मग तुझं. गप्प राहा म्हणालीस. राहिले असते. खरंच राहिले असते, तुझ्यासाठी नाही, तुझ्या भावासाठी. तो रोज काही न बोलता माझ्याभोवती फिरत होता. पण सतरा तारखेला सोसायटीच्या नंबरवर फोन आला.

एक बाई होती. आवाज कोरडा. म्हणाली, मी अमुक चौकशीतून बोलते, तुमचा नंबर आम्ही सरकारी नोंदणीतून काढलाय, आपण अध्यक्ष छू बोंगिमच का? म्हटलं, हो. जन्मतारीख विचारली. सोसायटी कुठल्या वर्षी नोंदवली ते विचारलं. सांगितलं. मग विचारलं, दोन वर्षांपूर्वी १४ मार्चला आपल्याला कंपनीकडून असा फोन आला होता का?

माझे हात ओले होते. तुझा भाऊ दारात उभा होता, हातात जाळं तसंच धरून. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने खाली बघितलं.

मी म्हटलं, 'नाही. आला नव्हता.'

तिने लिहून घेतलं. मग म्हणाली, 'आणखी काही सांगायचं आहे का?'

तू विचारशील, तेवढ्यावर का थांबले नाही. थांबणार होते. पण तू सहा आकडे दाबून फोन ठेवलास, हे त्या बाईला कुठून कळणार? तिच्या कागदावर नुसतं 'फोन केला नाही' एवढंच राहिलं असतं, आणि ते अर्धंच होतं.

म्हटलं, 'हो, लिहा. ती माझी नणंद आहे आणि आमचं बोलणं बंद होतं. सहा आकडे दाबून तिने फोन ठेवला. सगळे दाबले असते, तरी तिचा आवाज ऐकून मी फोन आपटला असता.'

तिने तेही लिहून घेतलं.

बोंगिम